रविवारच्या चरबीचा डबा

रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये सहा हजार. हजर: सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्यावरच्या अक्का, ड्रेनेजचा चेंबर साफ करायला आलेले दोन कामगार, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझी बायको, आणि मी. आणखी चार-पाच जण गॅलरीतून वाकून बघत होते, त्यांना मी हजर धरत नाही.

शनिवारी संध्याकाळी अक्कांच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं होतं. रविवारी सकाळी आठला दोन कामगार आले, पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण उघडलं आणि त्यातला वयस्कर माणूस गुडघ्यापर्यंत आत उतरला. लांब सळईनं त्यानं आतून पांढरे गोळे ओढून बादलीत काढले. मेणबत्त्या वितळून थिजाव्यात तसे ते दिसत होते. त्यानं एक गोळा अंगठ्यानं दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "ही मटणाची चरबी हाय."

तेवढं पुरेसं झालं. मी साडेनऊला मटण घेऊन कसबा बावड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये परत आलो, तर लिफ्टशेजारी कागद चिकटवलेला. 'फ्लॅट क्र. ३०२ यांच्या निष्काळजीपणामुळे सोसायटीचा ड्रेनेज चेंबर तुंबला असून साफसफाईचा संपूर्ण खर्च रु. ६०००/- त्यांनी भरावा.' खाली सेक्रेटरींची सही. तीनशे दोन म्हणजे आम्ही. बारा फ्लॅटांपैकी मटण खाणारी घरं सात आहेत. सातांपैकी एकालाही न विचारता सेक्रेटरींनी एक निवडलं, कारण दर रविवारी वास आमच्याकडून येतो.

मी बँकेत कॅशिअर आहे. सव्वीस वर्षांत माझ्या काउंटरवर एक नोट कमी-जास्त झालेली नाही. लिफ्टशेजारच्या कागदावर आपला नंबर निष्काळजीपणा या शब्दाच्या शेजारी वाचायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली. सहा हजार मला जड नव्हते. पण बारा घरांची माणसं दिवसातून चार वेळा लिफ्टची वाट बघत तिथं उभी राहतात आणि समोर जे असेल ते वाचतात.

शिवाय आरोप चुकीचा तर होताच, उलटाही होता. अख्ख्या बिल्डिंगमध्ये चरबी न फेकणारं घर कुठलं असेल तर ते आमचं. मी ती विकत घेतो, वितळवतो, गाळतो, वजन करतो आणि खातो.

हे मी आईकडून शिकलो. आम्ही पेठ वडगावला राहत होतो तेव्हा महिन्यातून एकदा मटण यायचं, खाणारे सहाजण. रस्सा एका रात्रीत संपायचा. पण आई चरबीचे तुकडे आधीच बाजूला काढून ठेवायची आणि त्या चरबीवर आमचे पुढचे आठ दिवस निघायचे. अंबाडीची भाजी, कण्या घालून, वर चमचाभर चरबी. अंबाडी आंबट, तिला तेल कितीही घाला, पिऊन टाकते आणि कोरडीच राहते. चरबीत मात्र ती मऊ पडते. शेजारच्यांना वाटायचं आमच्याकडं आठ दिवस मटण शिजतंय. आई त्यांचा गैरसमज दूर करायची नाही.

आता मटण दर रविवारी येतं, पण खाटकाशी माझं भांडण जुनंच आहे. किलोमागं तो दीडशे ग्रॅम चरबी वजनात धरतो. सातशे साठचा भाव धरला तर एकशे चौदा रुपये झाले. बाकीची गिऱ्हाईकं वजन झाल्यावर "चरबी काढून टाक" म्हणतात आणि एकशे चौदा रुपये त्याच्या पाटीत टाकून घरी जातात. मी एकदा त्याला विचारलं, "फेकायचीच असेल तर वजनाच्या आधी का काढत नाहीस?"

"मालक, चरबीबिगर बकरं असतंय काय?" तो म्हणाला.

"मग दे सगळी. माझ्या पैशाची आहे."

"घ्या की. इथं लोक काढ म्हणत्यात, तुम्ही मागून घेतासा. उद्या शिंगंबी मागशीला."

घरी आल्यावर मटण बायको करते, चरबी मी करतो. बारीक तुकडे, जाड बुडाची कढई, अर्धी वाटी पाणी आणि मंद आच. आधी पाणी आटतं, मग चरबी सुटायला लागते. पाण्यामुळं ती तळाला करपत नाही. चिमूटभर हळद, चिमूटभर मीठ. कांदा-लसूण अजिबात नाही, त्यानं ती आठवड्यात खवट होते. तुकडे तांबूस होऊन तरंगायला लागले की खाली उतरवायचं, वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या गाळणीनं स्टीलच्या डब्यात गाळायचं. गाळणीतले कुरकुरीत तुकडे गरम भाकरीबरोबर उभ्या उभ्या खायचे, ती करणाऱ्याची मजुरी. मटणाची अळणी, म्हणजे तिखट न घातलेलं उकडीचं पाणी, उरली तर ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी वर पांढरी साय धरते, तीही उचलून पुन्हा एकदा कढवायची, कारण पाण्याचा अंश राहिला तर डबा नासतो.

रविवारी साधारण शंभर ग्रॅम निघते. मग आठवडाभर ती कुठंही जाते. शिळी भाकरी कुस्करून तव्यावर परतायला. हिरव्या मिरचीचा खर्डा परतायला, त्यानं मिरचीचा ठसका कमी होतो आणि चव राहते. पिठल्याच्या फोडणीला, अंड्याच्या पोळीला. मेथीला ती चालत नाही, भाजी जड होते. आणि कशातही घाला, जेवण गरमच पाहिजे. गार झालं की टाळ्याला थर बसतो आणि पाणी प्यावं तसा तो वाढतो. आखाड संपताना डब्यातला शेवटचा चमचा मी संपवतो, डबा सोड्यानं घासतो आणि श्रावणभर तो पालथा असतो.

डब्याचं वजन मी दर रविवारी नवी चरबी गाळायच्या आधी आणि नंतर करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहितो. महिन्याला शेंगतेलाचे ऐंशी रुपये वाचतात, हे त्या आकड्यांवरून मी काढलेलं आहे. गेल्या वर्षी जानेवारीत बँकेच्या वैद्यकीय तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले चरबी बंद करा. मी रिपोर्ट फाईलला लावला आणि दोन चमच्यांचा दीड चमचा केला. तेही कॅलेंडरवर लिहिलेलं आहे.

असा मी. आणि मला निष्काळजी म्हणणारा कागद लिफ्टशेजारी.

मी मटणाची पिशवी ओट्यावर ठेवली. बायको कांदा चिरत होती. मी तिला कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या की. सहा हजार भरूया आणि सोडूया."

या बाईनं भाजीवाल्याला दोन रुपये जास्त दिलेले मी पाहिलेले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी इतका तापलो होतो की मला ते भित्रेपण वाटलं. मी म्हणालो, "एक रुपया भरणार नाही." आणि फ्रिजमधून डबा काढला, मोठा चमचा घेतला आणि खाली गेलो.

सेक्रेटरी निवृत्त शिक्षक आहेत. माणसाशी बोलताना अजूनही फळ्यापुढं उभे असल्यासारखे बोलतात.

"या कॅशिअर साहेब. कागद वाचलात?"

"वाचला. पुरावा कुठाय?"

"पुरावा हा काय, बादलीत आहे."

"बादलीवर माझा नंबर आहे का? दिवाळीत तुमच्याकडं चार दिवस चकल्या तळल्या. ते तेल कुठं गेलं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध एवढाच की तुमचं मी विचारलं नाही आणि कागदही लावला नाही."

गॅलरीतून कुणीतरी हसलं. मी डबा मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि झाकण काढलं. मग मी जे बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण नंतर ते मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मी म्हणालो, "माझ्या घरातली चरबी ही इथं आहे, सगळी. एक चमचा जरी आमच्या सिंकमधून गेला असं निघालं, तर सहा हजार मी देतो आणि या कागदाखाली माझी सही करतो."

आतापर्यंत वास नको म्हणून अक्का आपल्या दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. अक्का कुरुंदवाडकडच्या जैन शेतकरी घरातल्या, वय सत्तरच्या पुढं. त्यांच्याकडं गावाकडून लोणी येतं आणि त्या ते कढवून बिल्डिंगमध्ये तूप विकतात. मोरी त्यांचीच भरली होती, पण त्या दिवशी एका शब्दानं त्यांनी मला दोष दिला नव्हता. उलट सेक्रेटरींना म्हणाल्या होत्या, "कागद कशाला लावलासा? बोलवून सांगायचं."

मी डब्यात चमचा खोल घातला आणि वर काढला. वर बोटभर पांढरा थर, तो बरोबर होता. त्याच्या खाली पिवळं होतं. पिवळं आणि रवाळ.

मला वाटलं हळद जास्त झाली. मी आणखी खोल घातला. पुन्हा पिवळं, पुन्हा रवाळ, आणि चमच्याच्या कडेला चिकटलेला एक काळपट हिरवा तुकडा, नखाएवढा, गुंडाळी झालेला.

अक्का दारातून दोन पावलं पुढं आल्या. मटणाच्या डब्याजवळ त्या येतील असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "चरबी रवाळ होत न्हाय."

मी तो हिरवा तुकडा नखानं सोडवला.

"त्यो विड्याच्या पानाचा तुकडा हाय. तूप कढताना मी पान टाकतो." कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, मी टाकतो, मी करतो. "हे माझं तूप हाय."

"तुमचं तूप यात कसं येईल, अक्का?"

"तेच मी इचारतो. माझं तूप मटणाच्या डब्यात कुणी घातलं?" आता त्यांचा आवाज चढला. "अर्धा किलो जादा लागतंय म्हणून म्हैन्याच्या म्हैन्याला नेतीया. मी म्हणलं सण-वार असंल, पावणं-रावळं असतील."

नेतीया कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी जिन्याकडं बघितलं. मीही बघितलं. तिसऱ्या पायरीवर माझी बायको उभी होती, हातात अजून सुरी होती.

सेक्रेटरी खाकरले. "मग आता काय म्हणायचं, कॅशिअर साहेब? चरबीच्या जागी तूप आलं, तर चरबी गेली कुठं?"

गणित सोपं होतं. चौथीच्या मुलाला जमलं असतं. वयस्कर कामगार बादलीकडं बघत होता आणि मी बादलीकडं न बघायचा प्रयत्न करत होतो. मी झाकण लावलं आणि वर गेलो.

बायकोनं सुरी ओट्यावर ठेवली आणि माझ्या आधी तीच बोलली.

"रिपोर्ट आला तवा तुम्ही काय केलासा? फाईलीला लावलासा. आणि त्याच रात्री पिठलं चरबीत करा म्हणालासा."

"मग मला सांगायचं."

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालासा, दोनाचा दीड केला. कॅलेंडर दाखवलासा मला."

तिची पद्धत अशी होती. मी सोमवारी बँकेत गेलो की ती डबा काढायची, वजन करायची. महिन्यातल्या चार रविवारांपैकी एका रविवारची चरबी ती वासासाठी वर ठेवायची आणि तीन रविवारची, म्हणजे तीनशे ग्रॅम, काढून टाकायची. जागी तेवढंच तूप. तेवढंच म्हणजे माझ्याच काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. म्हणून माझे कॅलेंडरवरचे आकडे एकदाही चुकले नाहीत. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी वर्षभर ताळा जमवत होतो आणि तो जमत होता.

"आणि तूप चालतं काय? तुपानं कोलेस्टेरॉल वाढत नाही?"

"तुपानं काय हुतंय? तूप लहान पोरांना देत्यात."

"हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

"तुमच्या डॉक्टरांनी चरबी बंद करा म्हटलं. तुपाचं नावबी घेतलं न्हाय."

माझ्यापुढंच ते तिला तसं म्हणाले होते.

"मग चरबी कचऱ्यात टाकायची. सिंकमध्ये कशाला?"

तिनं ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडं बोट केलं. "कचरा कोण तपासतंय? ओला वेगळा, सुका वेगळा, बादलीत हात घालून कोण बघतंय, भाताचं शीत गेलं का म्हणून? तुम्हीच की. कचऱ्यात टाकली असती तर त्याच दिवशी घावली असती. गरम करून वतली, वरनं तांब्याभर कढत पाणी. पाण्याबरोबर गेली म्हणून मला वाटलं."

गेली. तीन मजले गेली आणि गार चेंबरमध्ये जाऊन थिजली. गेल्या फेब्रुवारीपासून या फेब्रुवारीपर्यंत, श्रावण वगळून बारा महिने, महिना तीनशे ग्रॅम: तीन किलो सहाशे ग्रॅम. तूप महिना अर्धा किलो, कारण अक्का त्याहून कमी देत नाहीत आणि उरलेलं घरच्या तुपात जायचं; त्याचे साडेतीनशे रुपये, बारा महिन्यांचे चार हजार दोनशे. फेब्रुवारीचे सोडले तर हे तिनं साड्यांच्या फॉल-पिकोच्या कमाईतून दिले, म्हणून घरखर्चाच्या वहीत ते कधी दिसले नाहीत. माझी तेलाची बचत नऊशे साठ. ती वजा करून तीन हजार दोनशे चाळीस रुपयांचा तोटा मी वर्षभर बचत म्हणून कॅलेंडरवर लिहीत होतो.

"आणि चव?" मी शेवटी विचारलं. "मला कळलं कसं नाही?"

"तुम्ही गेल्या दिवाळीत म्हणालासा, यंदाची चरबी लई चांगली निघाली." ती हसली नाही, पण तिनं कांद्याकडं तोंड फिरवलं.

हे बोलत असताना मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ते जमत नव्हतं. माझी आई हे सगळं बघत असती तर कुणाची बाजू घेतली असती, हा विचार मध्ये आला. वडील पंचावन्नाव्या वर्षी गेले, छातीत कळ येऊन, आणि आई शेवटपर्यंत म्हणायची की मी त्यांना खाऊ घालून घालवलं. माझं वय त्रेपन्न. बायकोनं यातलं काही बोलून दाखवलं नाही. मी पैसे काढायला कपाट उघडलं.

खाली गेलो तर नवीन प्रकार सुरू होता. सेक्रेटरी वयस्कर कामगाराला सांगत होते, "चार हजार घ्या. बोलणी सहाची होती, पण काम अडीच तासांत आटोपलं की."

"साहेब, बोलणी तासावर न्हवती," तो म्हणाला. कोपरापासून बोटांपर्यंत त्याच्या हाताला माझ्या घरची चरबी लागली होती आणि त्यानं ती पोत्याला पुसत आणली होती.

मला पुन्हा राग आला, आणि या वेळी तो चुकीच्या जागी नव्हता. मी म्हणालो, "कागदावर सहा लिहिलंय. माझ्याकडून सहा घेणार आणि यांना चार देणार, मग दोन कुठं जाणार?"

"सोसायटीच्या खात्यात. तुमच्या-आमच्याच."

"खड्ड्यात हे उतरले. सोसायटी उतरली नाही."

"आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही?"

तो टोला बरोबर बसला आणि मी तो घेतला. लिफ्टशेजारी जाऊन कागदाखाली पेनानं लिहिलं: 'वरील मजकूर खरा आहे.' सही केली. मग परत फिरलो आणि 'निष्काळजीपणामुळे' या शब्दावर एक रेघ मारली. सेक्रेटरी म्हणाले, असा सोसायटीच्या नोटिशीत बदल करता येत नाही. मी म्हणालो, आमच्या घरात काय वाटेल ते झालं असेल, निष्काळजीपणा झालेला नाही. गॅलरीतले लोक आत गेले होते. तो कागद पंधरा दिवस तिथं राहिला.

त्या दिवसापासून तीन रविवारची चरबी मी खाटकाकडंच सोडतो, एकशे चौदा रुपयांसकट. चौथ्या रविवारची घरी आणतो. डबा तोच आहे, त्यात आता एवढंच असतं.

त्या दिवशी सहा हजार रुपये मी त्या वयस्कर कामगाराच्या हातात दिले, पाचशेच्या बारा नोटा, त्याच्यापुढं मोजून. त्यानं हात पुसून पुन्हा मोजल्या. फेब्रुवारीच्या अर्ध्या किलो तुपाचे साडेतीनशे द्यायचे राहिले होते, ते अक्कांना दिले. त्यांनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी तूप पाहिजे असेल तर नवी काचेची बरणी घेऊन यायचं, आणि बायकोनं नाही, मी स्वतः यायचं.